बसण्याआधी विचारा: जपानमध्ये बाहेर जेवायला जाणाऱ्या नवख्यांसाठी

दर वर्षी तोक्योच्या निशी-कासाई भागात नवी मराठी कुटुंबं राहायला येतात. घर लागतं, बँकेत खातं उघडतं, आणि पहिल्या महिन्याभरात कुणाचा तरी फोन येतोच: “अगं, काल जेवायला गेलो होतो. अर्धी टेबलं रिकामी होती तरी बसू दिलं नाही. आपण परदेशी म्हणून असेल का गं?”

बहुतेक वेळा तसं नसतं. क्वचित असतंही, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण एक गोष्ट आधीच मनात पक्की करून ठेवा. इथली माणसं कमालीची अदबीने वागतात, म्हणून नियमही तितकेच सैल असतील असं आपण गृहीत धरतो. तसं होत नाही. वेटर कमरेत वाकून, मनापासून माफी मागून “नाही” म्हणतो आणि ते नाही बदलत नाही. आपल्याकडे “दादा, जरा बघा ना” म्हटलं की काहीतरी वाट निघते. इथे वाट निघते ती आधी विचारल्यावर. बसल्यावर, ऑर्डर दिल्यावर किंवा बिल आल्यावर नव्हे. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत.

पहिली पायरी: दारात थांबा

आत शिरताच चारी बाजूंनी “इराश्शाइमासे!” असा पुकारा होतो. ते स्वागत आहे. त्याला उत्तर द्यायचं नसतं, हलकी मान लववली की पुरे. मग “नान्मेइ-सामा देसु का?” म्हणजे किती जण, असा प्रश्न येतो. बोटं दाखवली तरी चालतं. म्हणायचंच असेल तर एकटे असाल तर हितोरी, दोघं फुतारी, तिघं सान्निन, चौघं योनिन.

रिकामं टेबल दिसलं म्हणून आपणहून जाऊन बसू नका. जागा दाखवली जाईपर्यंत थांबायचं. ती रिकामी टेबलं बहुधा कुणीतरी राखून ठेवलेली असतात, किंवा त्या दिवशी माणसं कमी असल्यामुळे तेवढ्याच टेबलांची सेवा सुरू असते. स्वयंपाकघरात दोघंच असताना वीस जणांना बसवून ताटकळत ठेवण्यापेक्षा दारातच नाही म्हणणं दुकानाला बरं वाटतं.

गर्दीच्या ठिकाणी दाराशी एक कागद आणि पेन असतं. त्यावर नाव आणि माणसांची संख्या लिहायची. आपलं आडनाव लांबलचक असेल तर दोन अक्षरांचं सोपं नाव लिहा, म्हणजे हाक मारणाऱ्यालाही जमेल आणि तुम्हालाही ओळखू येईल. बऱ्याच साखळी हॉटेलांत आता कागदाऐवजी टचस्क्रीन असतो, त्यातून नंबराची चिठ्ठी निघते.

रामेनच्या, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सच्या, गाजलेल्या दुकानांबाहेर आणखी एक नियम असतो: सगळे जण हजर असल्याशिवाय रांगेत जागा धरायची नाही. एकाने उभं राहायचं आणि बाकीच्या तिघांनी ऐन वेळी यायचं, हे इथे मागच्या लोकांवर अन्याय करणं मानतात. आपल्याला सवय असते, म्हणून मुद्दाम सांगते.

दारावरच्या पाट्यांचा फोनने फोटो काढून भाषांतर वाचा. आत धूम्रपान चालतं का, हे तिथेच कळतं. एप्रिल 2020 पासून रेस्टॉरंटमध्ये आत धूम्रपानाला सर्वसाधारण बंदी आहे, पण आधीपासून सुरू असलेल्या छोट्या दुकानांना सवलत मिळाली आहे. जिथे सिगारेट चालते तिथे 20 वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, कडेवरच्या बाळालासुद्धा. मुलांना घेऊन दारातून परत फिरावं लागलं, अशा तक्रारींमागे पुष्कळदा हेच कारण निघतं.

दुसरी पायरी: तिकिटाचं यंत्र

रामेन, उदोन (गव्हाच्या जाड नूडल्स), ग्युदोन (भातावर गोमांस) यांच्या स्वस्त दुकानांत दाराशीच शोक्केनकी असतं. आधी पैसे टाकायचे, मग पदार्थाचं बटण दाबायचं, आलेलं तिकीट आत माणसाच्या हातात द्यायचं. चित्रं असतील तर सोपं. नसतील तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण बहुतेक ठिकाणी त्या दुकानाचा मुख्य पदार्थ असतो.

इथे एक साधी अडचण येते. 3 जुलै 2024 ला जपानने दहा हजार, पाच हजार आणि एक हजार येनच्या नव्या नोटा काढल्या. छोट्या दुकानांना यंत्र बदलणं परवडत नाही, त्यामुळे जुनी यंत्रं अजून कुठे कुठे दिसतात. नोट आत जाते आणि सरकन परत येते. मी एकदा दुपारी साडेबाराला, मागे कचेरीतली सात-आठ माणसं उभी असताना, तीच नोट चार वेळा सरळ-उलटी करून घालत होते. मागच्या काकांनी काही न बोलता स्वतःच्या पाकिटातून जुनी हजाराची नोट काढली, माझी नवी घेतली आणि यंत्राकडे हात केला. तेव्हापासून पाकिटात थोडी सुटी नाणी आणि जमल्यास एखादी जुनी नोट ठेवते. आणि आधी बाजूला उभं राहून काय घ्यायचं ते ठरवा, मगच यंत्रासमोर जा.

तिसरी पायरी: बसल्यावर

पाणी किंवा चहा फुकट येतो. ओला रुमाल म्हणजे ओशिबोरी, तो हात पुसायला. खुर्चीखाली टोपली असेल तर ती तुमच्या पिशवीसाठी आहे. तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या चटईवर बसायचं असेल तर बूट खाली काढा, आणि स्वच्छतागृहाच्या सपाता तिथेच सोडून या.

वेटर आपणहून येत नाही. तो दुर्लक्ष करत नसतो, तुम्हाला निवांत बसू देत असतो. टेबलावर बटण असेल तर दाबा, नसेल तर हात जरा वर करून स्पष्ट आवाजात “सुमिमासेन!”, म्हणजे “माफ करा, जरा इकडे” म्हणा. शांत देश म्हणून पुटपुटू नका. इथे हाक मारणं उद्धटपणाचं नाही, चुटकी वाजवणं मात्र आहे.

चॉपस्टिक्सबद्दल दोनच गोष्टी जपा. भातात त्या उभ्या रोवू नका, आणि एकाच्या काड्यांमधून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नका. पहिली गोष्ट मृताजवळ ठेवलेल्या भाताची आठवण करून देते, दुसरी दहनानंतर अस्थी उचलण्याची. पिंडाचा भात आपण जेवणाच्या पानात कधी मांडू का? तितकंच ते इथल्या माणसाला लागतं. बाकी काड्या कशा धरता, याकडे कुणी बघत नाही. नूडल्स भुरके मारत खाल्ल्या तरी चालतात.

बाहेरचं खाणं काढू नका. मुलासाठी डब्यात वरणभात नेला असेल तर उघडण्याआधी विचारा. तान्ह्या बाळाच्या खाण्याला बहुतेक ठिकाणी हो म्हणतात, मोठ्यांच्या डब्याला नाही. चार जण बसून दोनच पदार्थ मागवणंही कॅफेत आणि छोट्या दुकानांत चालत नाही. माणशी निदान एक ऑर्डर, हा लिहिलेला किंवा न लिहिलेला नियम असतो.

चौथी पायरी: शाकाहारी असाल तर

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या माणसांचे सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच होतात.

अडचण मांसाची कमी आणि दाशीची जास्त आहे. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. ते बहुतेकदा कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या बोनिटो माशाच्या पातळ सालींपासून किंवा निबोशी या छोट्या सुक्या माशांपासून होतं. मिसो सूप, उदोनचा रस्सा, सोबाबरोबरची (सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स) बुडवायची चटणी, तेन्पुराचं (जपानी भज्यांचं) सॉस, उकडलेल्या भाज्या, अंड्याची गोडसर गुंडाळी, या सगळ्यांत ते असतं. वेटर “भाजीच आहे” म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी दाशी हा मासा नसतो, जशी आपल्याकडे फोडणीतली हिंग-मोहरी कुणी पदार्थ म्हणून मोजत नाही. “निकु” म्हणजे मांस, पण पुष्कळांच्या डोक्यात तो शब्द ऐकल्यावर गाय-डुक्कर येतं. कोंबडी आणि हॅमबद्दल वेगळं विचारावं लागतं.

म्हणून “व्हेजिटेरियन” एवढं सांगून थांबू नका. काय खात नाही त्याची यादी द्या: निकु (मांस), तोरिनिकु (कोंबडी), साकाना (मासे), एबी (कोळंबी), काई (शिंपले), आणि कात्सुओ-दाशी. अंडं चालत नसेल तर तामागो, म्हणजे अंडंही. ऑफिसातल्या जपानी सहकाऱ्याकडून ही यादी जपानीत लिहून घ्या आणि फोनमध्ये ठेवा. प्रश्न विचारायचा तो असा: “दाशी वा हाइत्ते इमासु का?” म्हणजे यात दाशी आहे का.

एक कळकळीची विनंती. दुकानाने मनावर घ्यावं म्हणून “मला अॅलर्जी आहे” असं खोटं सांगू नका. अॅलर्जी हा शब्द ऐकला की दुकान जबाबदारीच्या भीतीने सावध होतं. तोच तवा, तेच तेल, तीच पळी असल्यामुळे ते खात्री देऊ शकत नाही, आणि मग तुम्हाला काहीच वाढत नाही. ज्यांच्या मुलांना खरोखर शेंगदाण्याची किंवा सोब्याची अॅलर्जी आहे, त्यांच्यासाठी हा शब्द जपून ठेवायला हवा.

बदल करून मागताना एक फरक लक्षात घ्या. वरून घातलेली गोष्ट काढता येते. त्यासाठी “नुकी” हा शब्द आहे: “नेगी नुकी दे ओनेगाइ शिमासु”, म्हणजे पातीचा कांदा नको. पण आत शिजलेली गोष्ट काढता येत नाही, आणि एकाच्या बदली दुसरं घालून द्या, ही मागणी बहुतेक ठिकाणी बसत नाही. कमी मीठ, जास्त तिखट, अर्धी प्लेट, हे तर सोडूनच द्या.

हे मी शिकले ते आई-बाबा आले होते तेव्हा. एका गल्लीत म्हातारं जोडपं चालवत असलेलं सोब्याचं दुकान होतं. आत जाऊन बसलो, चहा आला, आणि मग मी सांगितलं की तिघांना गार सोबा हवा, पण बरोबरची चटणी नको, नुसता सोया सॉस द्या. बाईंनी मेन्यू छातीशी धरला, दातांमधून हळूच श्वास आत ओढला आणि आत नवऱ्याला विचारायला गेल्या. परत आल्या त्या टेबलाजवळ गुडघ्यांवर बसून म्हणाल्या, “मोउशिवाके गोझाइमासेन”, म्हणजे मनापासून माफ करा. बाबांना ते फार लागलं. “पैसे देतोय ना आपण? वस्तू कमीच मागतोय!” निघालो तेव्हा बाई बाहेरपर्यंत आल्या आणि आम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत वाकून उभ्या होत्या.

बाबांचा राग मला कळत होता आणि त्या बाईंचा नकारही. त्या चटणीशिवाय सोबा वाढणं म्हणजे त्या आजोबांनी अर्धवट ताट पुढे ठेवणं. चूक माझी होती. मी बसल्यावर, चहा घेतल्यावर विचारलं होतं.

पुढच्या वेळी आई-बाबा आले तेव्हा दुसऱ्या एका जपानी जेवणाच्या ठिकाणी तीन दिवस आधी फोन केला. काय चालत नाही ते सांगितलं, “शक्य नसेल तर मोकळेपणाने सांगा” असंही म्हटलं. त्यांनी दोन तासांनी परत फोन करून चार प्रश्न विचारले: दूध चालतं का, कांदा-लसूण चालतो का, मिरिन ही स्वयंपाकातली गोड वाइन चालेल का, त्यात मद्यार्क असतो, आणि आई-बाबांना तिखट जमेल का. त्या संध्याकाळी कोन्बु आणि शिइताकेची, म्हणजे समुद्री शेवाळ आणि आळंब्यांची वेगळी दाशी केली होती. आईच्या वाटीशेजारी हाताने लिहिलेला एक चिमुकला कागद होता, त्यावर कोन्बुचं चित्र. आई तो कागद पर्समध्ये घालून घरी घेऊन गेली. देश तोच, नियम तेच. तीन मिनिटांत जे होत नव्हतं ते तीन दिवसांत झालं.

फोन करायला वेळ नसेल तर या वाटा आहेत. सुशीच्या दुकानात काकडीची काप्पामाकी आणि नात्तोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, गुंडाळी मिळते, बरोबरचा सॉस तेवढा विचारून घ्या. कोको इचिबान्या या करी साखळीत मांसाशिवायची शाकाहारी करी असते. तोक्यो स्टेशनात तीझ तानतान हे पूर्ण शाकाहारी रामेनचं दुकान आहे, दुधाचासुद्धा वापर नाही. कोयासान या मंदिरांच्या डोंगरावर गेलात तर मंदिरातल्या मुक्कामात शोजिन र्योरी, म्हणजे भिक्षूंचं शाकाहारी जेवण मिळतं. हा एक दिवस प्रत्येक शाकाहाऱ्याने अनुभवावा असं मला मनापासून वाटतं.

पाचवी पायरी: इझाकाया आणि न मागवलेली वाटी

इझाकाया म्हणजे संध्याकाळी पेय आणि छोटे छोटे पदार्थ घेत बसायची जागा. बसल्या बसल्या एक वाटी समोर येते: उकडलेल्या भाजीचे दोन तुकडे, थोडं सॅलड, कधी मासा. ही ओतोशी. कान्साईत, म्हणजे ओसाका-क्योतोच्या भागात, हिला त्सुकिदाशी म्हणतात. मागवलेली नसली तरी बिलात माणशी साधारण 300 ते 500 येन लागतात. परदेशी पाहुण्यांचं सगळ्यात जास्त भांडण या वाटीवरून होतं. फसवल्यासारखं वाटतं, पण जपानी गिऱ्हाईकही ती देतंच. जागेचं भाडं समजा. काही दुकानं ओतोशी नको म्हटलं तर ऐकतात, पण तेही बसताना विचारलं तरच: “ओतोशी वा आरिमासु का?”, म्हणजे ओतोशी आहे का. शाकाहारी माणसाने तर हे विचारायलाच हवं, कारण वाटीत काय असेल सांगता येत नाही.

त्याबरोबर वेळेची मर्यादाही विचारून घ्या. पुष्कळ ठिकाणी दोन तासांनी जागा सोडावी लागते आणि त्याच्या अर्धा तास आधी शेवटची ऑर्डर घेतात. नोमिहोदाई, म्हणजे हवं तेवढं पेय, घेतलं तर सहसा टेबलावरच्या सगळ्यांनाच घ्यावं लागतं. एक जण पिणारा आणि तिघं न पिणारे असाल तर हिशेब आधी करा. दारूसाठी वयाची अट 20 आहे.

उरलेलं पार्सल करून द्या म्हटलं की बहुधा नकार येतो, अन्नातून विषबाधेची भीती असते. थोडं थोडं मागवा, लागलं तर पुन्हा.

आरक्षण केलं असेल तर ते पाळा. दहा मिनिटं उशीर होणार असला तरी फोन करा. रद्द करायचं असेल तर आदल्या दिवशीच. सहा खुर्च्यांच्या काउंटरवर दोघं न सांगता आले नाहीत तर त्या दिवसाचा एक तृतीयांश धंदा बुडतो, आणि घेतलेला मासा दुसऱ्या दिवशी चालत नाही. परदेशी पाहुण्यांचं आरक्षण घ्यायला काही दुकानं कचरतात, त्यामागे असे अनुभव आहेत.

“नाही” कसं ऐकायचं

इथे सरळ “नाही” फार कमी वेळा ऐकू येतं. “चोत्तो...” म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, “मुझुकाशी देसु” म्हणजे अवघड आहे म्हटलं, किंवा दोन्ही हातांची फुली दाखवली, तर तो शेवटचा शब्द. “अवघड आहे, पण अशक्य नाही ना?” असं विचारत राहिलं की समोरचा पोरगा अधिकच अवघडतो. बहुतेकदा तो शिकत शिकत तासावर काम करणारा विद्यार्थी असतो, आणि नियम बदलायचा अधिकार त्याच्याकडे नसतो.

“ओक्याकुसामा वा कामिसामा देसु”, म्हणजे गिऱ्हाईक हे दैवत, हे वाक्य जपानबद्दल सांगताना आपल्याकडेही वापरतात. ते लोकप्रिय केलं मिनामी हारुओ या गायकाने, आणि त्याला म्हणायचं होतं की रंगमंचावर गाताना देवासमोर उभं असल्यासारखं निर्मळ मन हवं. गिऱ्हाइकाने वाटेल ते मागावं, असा त्याचा अर्थ नव्हता. गिऱ्हाइकाकडून होणाऱ्या छळाला आता “कासुहारा” असा शब्द आहे, आणि तो रोखण्यासाठी तोक्यो महानगराने केलेला नियम 1 एप्रिल 2025 पासून लागू झाला. त्यात शिक्षा नाही, पण आवाज चढवणाऱ्याला सेवा नाकारायचं बळ दुकानाला नक्कीच मिळालं आहे.

खरोखर परदेशी म्हणून नाकारलं तर

असं होतं. कमी होतं, पण होतं, आणि झालं तर मनाला फार लागतं. आधी एक फरक बघा. क्योतोच्या जुन्या चहाघरांत “इचिगेन-सान ओकोतोवारी” असते, म्हणजे ओळखीशिवाय पहिल्यांदा येणाऱ्याला प्रवेश नाही. ती तोक्योच्या जपानी माणसालाही लागू असते. “जपानी बोलता येत नसेल तर जमणार नाही” यामागे कधी खरंच भाषेची भीती असते. थोडं जपानी बोलून दाखवलं की दार उघडतं, हे मी दोनदा पाहिलं आहे.

पण दारावर “फक्त जपानी” लिहिलं असेल तर त्याला काही समर्थन नाही. खासगी दुकानांनी भेदभाव करू नये असा शिक्षेसह थेट कायदा जपानमध्ये नाही, तरी न्यायालयांनी दाद दिली आहे. हामामात्सुच्या दागिन्यांच्या दुकानातून बाहेर काढलेल्या आना बोर्ट्झ या ब्राझिलियन पत्रकार महिलेला 1999 मध्ये 15 लाख येन भरपाई मिळाली. ओतारूच्या एका सार्वजनिक स्नानगृहाविरुद्ध 2002 मध्ये सापोरोच्या न्यायालयाने तीन जणांना प्रत्येकी 10 लाख येन द्यायला लावले. असा प्रसंग आला तर दारात वाद घालू नका. पाटीचा फोटो, तारीख आणि वेळ लिहून ठेवा आणि न्याय मंत्रालयाच्या परदेशी भाषांतल्या मानवी हक्क सल्ला फोनवर सांगा. तिथे इंग्रजीत बोलता येतं.

शेवटची पायरी: बिल आणि निघणं

“ओकाइकेइ ओनेगाइ शिमासु” म्हटलं की बिल. बऱ्याच ठिकाणी टेबलावरची चिठ्ठी घेऊन दाराजवळच्या गल्ल्यावर जायचं असतं. पैसे हातात न देता छोट्या ट्रेमध्ये ठेवा, सुटे त्यातूनच परत येतात. बसून खाल्लं तर कर 10 टक्के, घरी नेलं तर 8 टक्के, त्यामुळे एकाच पदार्थाच्या दोन किमती दिसल्या तर गोंधळू नका. काही ठिकाणी रात्री उशिरा दहा टक्के जादा लावतात, ते मेन्यूच्या तळाशी लिहिलेलं असतं.

टीप ठेवू नका. टेबलावर शंभर येन सोडलेत तर वेटर तुम्ही विसरलात असं समजून रस्त्यापर्यंत धावत येतो.

द्यायचंच असेल तर “गोचिसोसामा देशिता” म्हणा, म्हणजे जेवण छान झालं, आभार. काउंटरच्या दुकानात हे स्वयंपाक्याकडे बघून, जरा मोठ्याने म्हणायचं. तो हातातलं काम न थांबवता मान वर करून उत्तर देतो.

ते सोब्याचं दुकान अजून आहे. मी मासे खात नाही, त्यामुळे तिथे जेवत नाही. पण उकळलेल्या सोब्याचं गरम पाणी, सोबायु, नुसतं मिळेल का असं मागच्या हिवाळ्यात, दारातच उभं राहून, विचारलं. बाई आत गेल्या, बाहेर आल्या, आणि खुर्ची ओढून म्हणाल्या, “दोझो”, म्हणजे या, बसा.